बोगोटा, 1950: इंग्लंडचे खेळाडू गेले कसे आणि परत का आले?

परळचा गोली

आमच्या मंडळात 17 वर्षांखालची मुलं आणि त्यांच्या पालकांसमोर अर्धा तास बोलायचं आहे. हल्ली "परदेशात ट्रायल, अमुक लाख भरा" असे निरोप पालकांच्या मोबाईलवर सर्रास येतात, म्हणून विषय घेतला आहे: फुटबॉलच्या जुन्या काळात मोठ्या पैशासाठी देश सोडून गेलेले खेळाडू. नील फ्रँकलिन आणि चार्ली मिटन कोलंबियाला गेले एवढं ठाऊक आहे. पण कोलंबियाच्या क्लबांनी ट्रान्सफर फी (खेळाडू घेताना त्याच्या जुन्या क्लबला द्यायचे पैसे) न भरता माणसं उचलली कशी? पैशात फरक नेमका किती होता? आणि करार दरवर्षी संपत असेल, तर परत आल्यावर शिक्षा कशाबद्दल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुनी नोंदवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

करार आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. इंग्लंडमध्ये करार एका वर्षाचा असे. मोसम संपला की क्लब लीगकडे यादी पाठवी: कोणाला ठेवायचं, कोणाला विकायचं, कोणाला मोकळं करायचं. "ठेवायचं" या यादीत नाव आलं की करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच हातात. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही, तर त्याला लीगमध्ये दुसरीकडे खेळता येत नसे. फिफाच्या सदस्य संघटना एकमेकांची नोंदणी मानत, त्यामुळे परदेशातली दारंही बंद. आपण मोकळे आहोत असं खेळाडूला वाटे, कागद मात्र क्लबच्या तिजोरीत.

कोलंबियात नेमकी हीच कडी तुटली. तिथली व्यावसायिक लीग, दिमायोर, 1948 साली सुरू झाली. देशाच्या अधिकृत फुटबॉल संघटनेशी तिचं भांडण झालं, ती बाहेर पडली आणि फिफाने बंदी घातली. बंदीचा परिणाम उलटाच झाला. फिफाच्या बाहेर असलेल्या लीगला कोणाची नोंदणी मानायची सक्ती नाही, म्हणजे कोणाला ट्रान्सफर फी द्यायचं कारण नाही. वाचलेला तो सगळा पैसा थेट खेळाडूच्या हातावर ठेवता आला.

पहिला हात अर्जेंटिनावर पडला. तिथे 1948 च्या अखेरीपासून खेळाडूंचा संप चालू होता. मिलोनारिओस क्लबचे अध्यक्ष अल्फोन्सो सेनिअर यांनी जून 1949 मध्ये अदोल्फो पेदेर्नेरा या अर्जेंटिनाच्या खेळाडूला बोगोटाला, म्हणजे कोलंबियाच्या राजधानीत आणलं. त्याच्यामागून अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट क्लबचे आल्फ्रेदो दि स्तेफानो आणि नेस्तोर रोसी आले. कुकुता या सीमेवरच्या शहराच्या संघाने उरुग्वेचे खेळाडू भरले. इंग्रज आले ते 1950 मध्ये, तेव्हा बाजार चांगलाच तापलेला होता.

आता आकडे. 1950 मध्ये इंग्लंडमध्ये कमाल वेतन मोसमात आठवड्याला 12 पौंड आणि उन्हाळ्यात 10 पौंड. जिंकल्यास 2 पौंड बोनस, बरोबरीला 1. सही करण्याचे 10 पौंड. कारखान्यातल्या पुरुष कामगाराची सरासरी तेव्हा साडेसात पौंडांच्या आसपास होती. म्हणजे साठ हजार प्रेक्षकांसमोर खेळणारा माणूस कामगाराच्या दुप्पटही कमवत नव्हता. वर्षाचा हिशेब सहाशे पौंडांच्या आतबाहेर. मिटनला बोगोटाच्या सांता फे क्लबने सहीचे 5,000 आणि वर्षाला 5,000 पौंड देऊ केले.

पालकांना रुपयांत सांगा, लवकर पोचेल. तेव्हा एक पौंड म्हणजे तेरा रुपये पाच आणे. आठवड्याचे 12 पौंड म्हणजे 160 रुपये. मिटनच्या सहीचे पैसे साडेसहासष्ट हजार रुपयांच्या वर. त्याच काळात मुंबईत चांगल्या खेळाडूला कंपनीच्या संघातून खेळायचं तर बक्षीस म्हणजे कायमची नोकरी, हेही जोडून सांगा.

या खेळाडूंना लोभी ठरवणं मला पटत नाही. कमाल वेतनाची मर्यादा क्लबांच्या मालकांनी आपापसांत ठरवलेली होती आणि तिकिटांचा पैसा त्यांच्याचकडे राहत होता.

लेफ्ट आउट

वरच्या उत्तरात सगळं चोख आहे. काय बिघडलं ते मी जोडतो.

फ्रँकलिन हा स्टोक सिटीचा सेंटर हाफ (मधला बचावपटू), इंग्लंडसाठी लागोपाठ 27 सामने खेळलेला. तो आणि स्टोकचाच जॉर्ज माउंटफोर्ड सांता फेकडे गेले. मँचेस्टर युनायटेडचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना मिटन तिथूनच बोगोटाला पोचला. एव्हर्टनचा बिली हिगिन्स आणि स्कॉटलंडमधल्या हार्ट्सचा बॉबी फ्लॅव्हेल मिलोनारिओसकडे गेले. स्वान्सीचा रॉय पॉल जाऊन पाहून लगेच परतला.

अडचणी तीन थरांवर होत्या. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटरवर. तिथे नव्या माणसाला पहिले काही आठवडे धाप लागते, चेंडूही विरळ हवेत लांब जातो, त्यामुळे उंच पासचा अंदाज चुकतो. दुसरं, शहर अशांत होतं. 9 एप्रिल 1948 ला होर्खे एलिएसेर गाइतान या नेत्याचा खून झाला आणि अर्धं बोगोटा पेटलं. त्यानंतरचा हिंसाचार थांबला नव्हता, संध्याकाळी संचारबंदी असे. फ्रँकलिनची बायको तेव्हा गरोदर होती. भाषा येत नाही, बाहेर पडता येत नाही अशा जागी तिला ठेवणं त्याला जमलं नाही. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: फिफाबाहेरच्या क्लबने शब्द फिरवला तर दाद मागायला जागाच नाही. आपल्या देशाची संघटनाही पाठीशी उभी राहणार नाही, कारण तिच्या लेखी तुम्ही पळून गेलेले.

फ्रँकलिन काही आठवड्यांत परतला. त्याच उन्हाळ्यात, 29 जून 1950 ला ब्राझीलमधल्या विश्वचषकात, बेलो होरिझोंतेमध्ये, इंग्लंड अमेरिकेकडून 0-1 ने हरलं, तेव्हा बचावात तो नव्हता. परतल्यावर त्याला निलंबित केलं होतं; ते निलंबन संपल्यावर स्टोकने त्याला हल सिटीला 22,500 पौंडांना विकलं. तेव्हा हल दुसऱ्या श्रेणीत होतं. इंग्लंडकडून तो पुन्हा कधी खेळला नाही.

मिटन वर्षभर टिकला, कारण बायकोमुलं सोबत होती. 1951 मध्ये परतल्यावर सहा महिने बंदी आणि 250 पौंड दंड. मग फुलहॅम.

एक गोष्ट जरूर सांगा. हाच मिटन पुढे न्यूकॅसलचा व्यवस्थापक झाला. त्याच्याच काळात जॉर्ज ईस्टहॅमला क्लब सोडायचा होता आणि न्यूकॅसलने नोंदणी अडकवून ठेवली. ईस्टहॅम न्यायालयात गेला. 1963 मध्ये न्या. विल्बरफोर्स यांनी ही पद्धत म्हणजे खेळाडूच्या धंद्यावर अन्यायकारक निर्बंध आहे असा निकाल दिला. कमाल वेतन त्याआधीच, जानेवारी 1961 मध्ये गेलं होतं.

गिरणगाव स्ट्रायकर

इटली विसरू नका. रायमुंदो ओर्सी 1928 मध्ये अर्जेंटिनाहून युव्हेंटसकडे आला. लुइस मोंती 1930 ची विश्वचषक अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि 1934 ची इटलीकडून. घराणं मूळचं इटालियन असलं की नागरिकत्व मिळे, त्या आधारे हे चाललं.

आणि कागद सरळ असतील तर काय होतं त्याचं उदाहरण जॉन चार्ल्स. लीड्सने 1957 मध्ये त्याला युव्हेंटसला 65,000 पौंडांना रीतसर विकलं. पाच वर्षांत इटालियन लीगची तीन विजेतेपदं. उलट जिमी ग्रीव्ह्ज 1961 मध्ये मिलानला गेला, शिस्त आणि दंडांना कंटाळून त्याच वर्षी परत आला. कागद सरळ असूनही माणूस रमेलच असं नाही.

परळचा गोली

मनापासून आभार, सगळं टिपून घेतलं. दोनच शंका. कोलंबियाची ही लूट थांबली कशी? आणि आजच्या पालकांनी नेमकं काय विचारायचं?

जुनी नोंदवही

1951 च्या लिमा करारात कोलंबियाला फिफात परत घेण्यात आलं. अट अशी की परदेशी खेळाडूंनी ऑक्टोबर 1954 पर्यंत तिथे खेळावं, मग मूळ क्लबकडे परत जावं. यातूनच दि स्तेफानोचा घोळ झाला. 1954 पर्यंत तो मिलोनारिओसचा, पुढे रिव्हर प्लेटचा. बार्सिलोनाने रिव्हरशी बोलणी केली, रेआल माद्रिदने मिलोनारिओसशी. 1953 मध्ये स्पॅनिश संघटनेने तोडगा काढला की त्याने आळीपाळीने एकेक मोसम दोन्हीकडे खेळावं. बार्सिलोनाने हक्क सोडला आणि तो माद्रिदचा झाला.

आजचं: 18 वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाच्या नियमांनुसार बंद आहे. अपवाद मोजके, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. म्हणून पहिला प्रश्न: क्लब तिथल्या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न आहे का? ते संघटनेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, एजंटने पाठवलेल्या पत्रावर नको. दुसरा: आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र कोण मागवणार? ते एक संघटना दुसऱ्या संघटनेकडून मागवते, पालकांना विकत मिळत नाही. तिसरा: एजंटकडे फिफाचा परवाना आहे का? आणि मुलाची इथली नोंदणी कोणत्या क्लबकडे, कधीपर्यंत आहे, ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीवरून क्लबकडून लेखी घ्या. पैसे भरण्याची गोष्ट या चारही उत्तरांनंतर.