रिअरसेट बसवल्यावर गियर चुकतो, मागचा ब्रेक तापतो: जुळवणी कुठून सुरू करायची?

तिसरा_गियर

आफ्टरमार्केट रिअरसेट (फूटपेग, ब्रेक पेडल आणि गियर लिव्हर मागे-वर नेणारा संच) बसवला आहे. फूटपेग मूळ जागेपेक्षा २५ मिमी वर आणि २० मिमी मागे गेलेत. हँडलवर आखूड, ॲडजस्टेबल क्लच आणि ब्रेक लिव्हरही नवीन आहेत. सध्याच्या तक्रारी अशा:

दुसऱ्यातून तिसरा टाकताना मध्येच न्यूट्रल लागतो. गियर टाकून पाय काढला तरी लिव्हर पूर्ण मूळ जागी येत नाही, थोडा वरच राहतो. मागची डिस्क गरम होते आणि गाडी ढकलताना मागचं चाक जड लागतं. क्लच दाबून, गियरमध्ये असताना स्टार्टर फिरत नाही, न्यूट्रलमध्ये फिरतो. पुढच्या ब्रेकचा लिव्हर ॲडजस्टरच्या सर्वात जवळच्या आकड्यावर बरा वाटतो, पण जोरात दाबला की ग्रिपपर्यंत येतो.

टॉर्क रेंच, वर्निअर आणि पॅडॉक स्टँड आहे. कोणत्या क्रमाने हात घालावा?

बॅन्जो_बोल्ट

आधी मागचा ब्रेक. तो मोकळा होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

कारण असं. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या भागात, पिस्टनच्या पुढच्या सीलजवळ एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडलेलं असताना सील त्या भोकाच्या मागे थांबतं आणि कॅलिपरमधलं ऑइल रिझर्व्हॉयरकडे मोकळं जाऊ शकतं. पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारी दांडी) थोडासा लांब झाला की पिस्टन कायम आत दाबलेला राहतो आणि भोक झाकलं जातं. पॅड घासून ऑइल तापतं, फुगतं, पण त्याला परत जायला वाट उरत नाही. मग पॅड आणखी दाबले जातात, आणखी तापतात, आणि शेवटी चाक जाम होतं. गाडी थंड झाली की सगळं सुरळीत दिसतं, म्हणून घरी उभ्या गाडीवर हा दोष सहज सापडत नाही.

तपासायचं असं: गाडी पॅडॉक स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. पेडल दहा-बारा वेळा जोरात दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड लागलं तर पुशरॉडच्या क्लेविसची (पेडलला धरणाऱ्या दुबेळक्या टोकाची) पिन काढून पेडल वेगळं करा. चाक लगेच सुटलं तर दोष पुशरॉडच्या लांबीत आहे. नाही सुटलं तर कॅलिपरच्या ब्लीड निपलवर (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीवर) नळी लावून तो पाव फेरा सैल करा. आता सुटलं तर दाब आत अडकलाय, म्हणजे मास्टर सिलिंडरचं भोक तुंबलंय किंवा होज आतून बसलाय. तरीही नाही सुटलं तर कॅलिपरच्या स्लाइड पिन किंवा पिस्टन धरलेत.

तुमच्या बाबतीत पुशरॉडवरच संशय आहे. लॉकनट सैल करा, पुशरॉड क्लेविसमध्ये आणखी आत फिरवून लांबी कमी करा, आणि पुशरॉडला १ ते २ मिमी मोकळा खेळ मिळेल असं बघा. बोटांनी पुढे-मागे हलवला की तो खेळ हाताला कळतो. क्लेविसमध्ये किमान ८ मिमी आटे शिल्लक असले पाहिजेत. बऱ्याच क्लेविसना तपासणीचं आडवं भोक असतं. त्यातून आटे दिसले नाहीत तर रॉड पुरेसा आत नाही. पिनची जुनी स्प्लिट पिन पुन्हा वाकवून वापरू नका, नवीन घाला.

रिअरसेटच्या पेडलला स्वतःचा स्टॉपर स्क्रू आहे का ते बघा. असेल तर पेडलची उंची स्टॉपरने ठरवायची आणि फ्री प्ले, म्हणजे वरचा मोकळा खेळ, पुशरॉडने. नेमकी इथेच गल्लत होते: पाय वर गेला म्हणून स्टॉपर फिरवून पेडल खाली घेतलं जातं, पण पुशरॉड आहे तेवढाच राहतो. पेडल खाली जाताना तो पिस्टनला दाबून धरतो आणि ब्रेक कायम किंचित लागलेला राहतो. स्टॉपर नसेल तर पुशरॉडवरचा वॉशर मास्टर सिलिंडरच्या सर्क्लिपवर टेकून पेडल थांबतं. तिथे रॉडची लांबी बदलली की फक्त पेडलची उंची बदलते.

आणखी दोन गोष्टी. पुशरॉड सिलिंडरच्या बोअरच्या सरळ रेषेत जायला हवा. तिरका दाबला तर पिस्टन एका बाजूला घासून बोअरला चरे पडतात. आणि होज व रिझर्व्हॉयरची नळी कुठे मुडपली नाही ना, मागचं चाक पूर्ण खाली लोंबत असताना होज ताणला जात नाही ना, हे बघा. बॅन्जो बोल्ट (होज जोडणारा पोकळ बोल्ट) सोडवलाच तर दोन्ही तांब्याचे वॉशर नवीन घाला.

ब्रेक लाइट स्विच सगळ्यात शेवटी. स्प्रिंगने ओढला जाणारा असेल तर स्विचचा देह एका हाताने घट्ट धरायचा आणि फक्त प्लास्टिकचा नट फिरवायचा. देह फिरला तर वायरी पिळतात. पॅड पकडण्याच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे आणि पेडल सोडल्यावर विझला पाहिजे.

उलटे_आटे

गियरचा भाग मी घेतो.

पहिलं काम: लिंकेज रॉड (गियर लिव्हर आणि गियरबॉक्स जोडणारी दांडी) गियरबॉक्सच्या आर्मपासून सोडवा. इंजिन बंद, मागचं चाक अधांतरी. आता आर्म हाताने वर-खाली करत, दुसऱ्या हाताने चाक फिरवत सगळे गियर टाकून बघा. सगळे नीट पडले तर गियरबॉक्सला दोष नाही. मग मोकळा सुटलेला गियर लिव्हर हलवून बघा. तो कुठेही न अडकता, स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे.

पडत नसेल तर पिव्हट आवळला गेलाय. लिव्हरच्या भोकात एक बुश असतो. तो लिव्हरच्या जाडीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लांब असायला हवा, म्हणजे बोल्ट आवळला की बुश दाबला जातो आणि लिव्हर त्याच्यावर मोकळा फिरतो. वर्निअरने दोन्ही मोजा. भोकाच्या कडेवर रंगाचा जाड थर असेल, वॉशर चुकीच्या बाजूला गेला असेल, किंवा बुशमध्ये धातूचा बुरा असेल तर बोल्ट थेट लिव्हरलाच चिमटतो. लिव्हर मूळ जागी परत न येणं आणि खोटा न्यूट्रल लागणं, दोन्ही यातूनच होतं: पुढच्या गियरसाठी आतला पंजा परत येऊन शिफ्ट ड्रमची (गियर बदलणाऱ्या आतल्या फिरत्या नळकांड्याची) पुढची पिन पकडू शकत नाही, कारण बाहेरचा लिव्हर त्याला मागे खेचून धरतो. कडा साफ करा, थोडं ग्रीस लावा, बोल्ट पूर्ण टॉर्कवर आवळा आणि *आवळल्यानंतर* लिव्हर मोकळा आहे का ते पुन्हा बघा. सैल बोल्टवर केलेली तपासणी कामाची नाही.

लिव्हर वर-खाली पूर्ण जातो का तेही बघा. साइड स्टँड वर घेतलेला असताना लिव्हरचं टोक किंवा रॉडचा जोड स्टँडवर, फ्रेमवर किंवा इंजिन कव्हरवर टेकत असेल तर गियर अर्धवट पडतो.

आता कोन. रॉड आणि त्याचे दोन्ही आर्म यांच्यात मधल्या स्थितीत ९० अंशांचा कोन हवा. ६० अंशांवर आर्मचा परिणामकारक टप्पा ८७ टक्के उरतो, ४५ अंशांवर ७१ टक्के. शिवाय कोन ९० पासून दूर गेला की वरचा आणि खालचा झटका सारखा राहत नाही: एका बाजूला गियर हलका पडतो, दुसऱ्या बाजूला अर्धवट. फूटपेग २५ मिमी वर गेल्यावर लिव्हर नुसता रॉड लांब करून जागेवर आणला असेल, तर हा कोन नक्की बिघडलाय.

दुरुस्ती रॉडपासून नाही, गियरबॉक्सच्या आर्मपासून सुरू करायची. आर्म शाफ्टच्या दात्यांवर बसतो आणि त्याचा क्लॅम्प बोल्ट बहुतेक शाफ्टवरच्या खाचेतून जातो. म्हणून तो नुसता सैल करून आर्म निघत नाही, बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. ठोकून काढायला जाऊ नका. काढण्याआधी पंचने खूण करा, मग एक-एक दाता सरकवत ९० अंशांच्या जवळ आणा. उरलेलं रॉडने.

रॉडच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. म्हणून लॉकनटही एक नेहमीसारखा सुटतो आणि दुसरा उलट दिशेने. नट हलत नाही म्हणून जोर लावण्याआधी कोणतं टोक उलटं आहे ते बघा. उलट्या टोकाच्या नटवर बहुधा बारीक खाच असते. एम६, १ मिमी पिचच्या रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे लांबीत २ मिमी फरक. पिव्हटपासून रॉडचा जोड ४० मिमीवर आणि लिव्हरचं टोक १२० मिमीवर असेल, तर त्या एका फेऱ्याने टोक ६ मिमी हलतं. तेव्हा अर्ध्या फेऱ्याने काम करा. प्रत्येक टोकाला निदान ८ मिमी आटे आत हवेत.

लॉकनट आवळताना दोन्ही रॉड एंड (रॉडच्या टोकांचे बॉलचे जोड) हाताने एका पातळीत धरा. एक एंड पिळलेला राहिला तर बॉल त्याच्या घराच्या कडेवर टेकतो आणि लिव्हर टोकाला जड होतो. क्विकशिफ्टरचा (क्लच न दाबता गियर टाकू देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर रॉडवर असेल तर सेन्सरची वायर पिळू न देता फिरवा.

एक जोडतो: आर्मचं टोक शाफ्टच्या वरच्या बाजूला होतं आणि आता खालच्या बाजूला बसवलं, तर गियरचा क्रम उलटा होतो. पहिला वर, बाकीचे खाली. हवा असेल तरच करा.

दोन_बोटं

हँडलवरचे लिव्हर. पुढचा ब्रेक तातडीचा, कारण मागच्या ब्रेकचा धोका इथेही तसाच आहे.

आफ्टरमार्केट लिव्हरचं नाक, म्हणजे जो भाग पिस्टनला ढकलतो, ते मूळ लिव्हरपेक्षा अर्धा मिमी जरी लांब असलं तरी पिस्टन दाबलेला राहतो. लिव्हरच्या टोकाला थोडा मोकळा खेळ जाणवलाच पाहिजे. खात्री करायची तर रिझर्व्हॉयरचं झाकण काढा, चष्मा घाला, टाकीवर ओलं फडकं टाका (ब्रेक ऑइल रंग खातं), आणि लिव्हर अगदी हळू, दोन-तीन मिमी ओढा. पहिल्या हालचालीला ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक कारंजं किंवा तरंग उठला पाहिजे. काहीच उठलं नाही तर भोक आधीच झाकलेलं आहे. अशा वेळी लिव्हर बदला किंवा नाकाला ॲडजस्टिंग स्क्रू असेल तर तो मागे घ्या. नाक घासून कमी करू नका.

लिव्हर ग्रिपला टेकतो त्याबद्दल: जवळच्या आकड्यावर दाबलेल्या स्थितीत लिव्हर आणि ग्रिपमध्ये बोटभर जागा राहिली पाहिजे, तुम्ही दोन बोटांनी दाबत असाल तर उरलेली बोटं चिरडली जाऊ नयेत इतकी. राहत नसेल तर ॲडजस्टर एक-दोन आकडे लांब घ्या. तरीही स्पंजी येत असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे, ब्लीड करा. आकडा बदलून हवा जात नाही, फक्त लपते.

स्टार्टर: क्लच लिव्हरच्या परचमध्ये (लिव्हर धरणाऱ्या हँडलवरच्या भागात) छोटा स्विच असतो. नवीन लिव्हरवर त्याला दाबणारा उंचवटा बारीक असेल किंवा चुकीच्या जागी असेल तर स्विच दाबला जात नाही. लिव्हर काढा, स्विचची पिन बोटाने दाबा आणि गियरमध्ये स्टार्टर द्या. त्याआधी मागचं चाक अधांतरी घ्या, नाहीतर क्लच न दाबल्यामुळे गाडी झेप घेईल. फिरला तर दोष लिव्हरचा. स्विच वायर जोडून कायमचा बायपास करू नका.

क्लचची केबल असेल तर मूळ आणि नवीन लिव्हर शेजारी ठेवून पिव्हटच्या भोकाच्या मध्यापासून निपलच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर वर्निअरने मोजा. २८ च्या जागी २६ मिमी असेल तर केबल ७ टक्के कमी ओढली जाते. लिव्हर हलका लागतो, पण क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही आणि गियर खडखडतात. तुमच्या खोट्या न्यूट्रलमध्ये याचाही हात असू शकतो.

फ्री प्ले लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमीच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. लिव्हरकडचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत घ्या, इंजिनकडच्या ॲडजस्टरने मोठा फरक काढा, मग बारीक जुळवणी लिव्हरकडे. ॲडजस्टर, लॉकनट आणि परचच्या खाचा एका रेषेत ठेवू नका, केबल उडी मारून बाहेर येते आणि पाणीही आत जातं.

पिव्हट बोल्ट आधी आवळा, लिव्हर मोकळा आहे बघा, मग तो बोल्ट पान्याने धरून खालचा लॉकनट आवळा. पिव्हटला साधं ग्रीस चालेल, पण ब्रेकच्या पिस्टनला टेकणाऱ्या नाकाला सिलिकॉन ग्रीसच. साध्या ग्रीसने रबरी सील फुगतं.

तिसरा_गियर

मोजलं. गियर लिव्हरचा बुश लिव्हरच्या जाडीपेक्षा ०.१ मिमी *कमी* निघाला, रंगाचा थर धरून. लिव्हर बोल्ट आवळल्यावर अडकतो. मागचा पुशरॉड पिस्टनला कायम टेकलेला होता. स्टॉपर स्क्रू आहे.

दोन शंका: पायाची उंची ठरवून मग हे करायचं की आधी हे? आणि बोल्टना ग्रीस की थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद)?

उलटे_आटे

आधी पाय. नेहमी घालता ते बूट घालून गाडीवर बसा, फूटपेगची जागा पक्की करा, मगच पेडल, लिव्हर, रॉड या क्रमाने. फूटपेगची जागा नंतर बदलली तर खालचं सगळं पुन्हा करावं लागतं. ब्रेक पेडल तळव्याच्या किंचित खाली असावं, पाय नुसता ठेवला तर दाबलं जाऊ नये. गियर लिव्हरच्या खाली बुटाचा पंजा घोटा न वळवता सरकला पाहिजे.

बुशच्या बाबतीत रंग फक्त दोन्ही तोंडांवरून काढा. तरीही कमी पडला तर लिव्हरची तोंडं सपाट काचेवर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, समान दाबाने घासून कमी करा. घासताना दर काही वेळाने मोजा. बुशला हात लावू नका.

बॅन्जो_बोल्ट

रिअरसेटची प्लेट आणि पेग धरणारे बोल्ट: आटे स्वच्छ, कोरडे, मग निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर. लाल नको, ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर निघून येतात. स्टीलचा ८ मिमी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जात असेल तर साधारण २२ ते २५ न्यूटन मीटर, पण रिअरसेटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. ग्रीस फक्त पिव्हटच्या बुशला. आट्यांना ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो.

आवळून झाल्यावर प्रत्येक नट आणि प्लेटवरून रंगाची एक रेघ मारा. पहिल्या १०० किमीनंतर रेघा बघा. रेघ तुटली असेल तिथला नट सैल झाला आहे, तो काढून आटे साफ करा आणि थ्रेडलॉकर पुन्हा लावा. नुसता वरून आवळू नका, सुकलेलं थ्रेडलॉकर एकदा फुटलं की पुन्हा धरत नाही.

दोन_बोटं

आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. नवीन लिव्हर टाकीला किंवा फेअरिंगला लागत असेल तर परच थोडा फिरवा. मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पवर बाण असेल तर तो वर ठेवायचा, वरचा बोल्ट आधी पूर्ण आवळायचा, मग खालचा. फट राहील ती खालीच राहू द्या.