पानांचा अर्क, काढा की निष्कर्ष?

मृद्गंध: शेवग्याच्या पानांवरच्या एका शोधनिबंधाचा गोषवारा मराठीत करतेय. 'मिथेनॉलिक लीफ एक्स्ट्रॅक्ट'ला, म्हणजे मिथेनॉल या अल्कोहोलात पानांतून उतरवलेल्या द्रवाला, सरळ 'पानांचा अर्क' लिहिलं तर चालेल ना? आणि 'अँटिऑक्सिडंट'चं काय करू?

रुईमांदार: वर्तमानपत्रात चालून जातं, पण एखादा वैद्य वाचायला बसला तर तिथेच अडेल. आयुर्वेदात अर्क म्हणजे वाफ थंड करून मिळवलेला द्रव. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क. वाफेबरोबर जे उडून येतं तेवढंच त्यात उतरतं. शेवग्याच्या पानांतली क्वेर्सेटिनसारखी फ्लॅव्होनॉइडं (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट संयुगं) उडत नाहीत, भांड्याच्या बुडाशीच राहतात. म्हणजे ज्या गुणासाठी निबंध लिहिलाय तोच 'अर्का'त जवळजवळ नसणार!

हा शब्द अरबी 'अरक'वरून आला, मूळ अर्थ घाम. नळीतून टपकणारे थेंब पाहिले की पटतं. संस्कृतातला अर्क निराळा, सूर्य आणि रुई. त्यामुळे 'अर्कपत्र' म्हणजे मारुतीला वाहतात ते पान, अर्क काढायचं पान नव्हे.

मृद्गंध: मग काढा? सत्त्व?

रुईमांदार: काढा पाण्यात उकळून आटवलेला, त्यात मिथेनॉल कुठून येणार? सत्त्व तर मुळीच नको. गुळवेल सत्त्व म्हणजे खोड कुटून पाण्यात कालवल्यावर तळाशी बसणारा पिष्टमय साका.

काचनळी: लॅबमध्ये बोलताना सगळे 'एक्स्ट्रॅक्ट'च म्हणतात. परिभाषेत क्रिया 'निष्कर्षण', म्हणून पदार्थ 'निष्कर्ष'. फक्त 'निष्कर्षावरून असा निष्कर्ष निघतो' असलं वाक्य होऊ देऊ नका, तिथे 'अनुमान' घाला.

द्रावकाचं नाव मात्र गाळू नका. एकाच पानाचा हेक्झेनमधला निष्कर्ष मेण आणि मेदाने भरलेला असतो, मिथेनॉलमधल्यात फिनॉलिक संयुगं (फ्लॅव्होनॉइडं त्यांतलीच) भरपूर उतरतात. नुसतं 'पानांचा निष्कर्ष' लिहिलं तर कळणार काय?

'अँटिऑक्सिडंट' आहे तसाच ठेवा. विश्वकोशाच्या वळणाने 'प्रतिऑक्सिडीकारक' होतो, पण तो एकदा कंसात दिला की पुरे.

खरा घोळ चाचणीचा निकाल सांगताना होतो. डीपीपीएच हे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू); त्याचं जांभळं द्रावण निष्कर्ष टाकल्यावर पिवळट पडत जातं, 517 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजतात. जांभळा रंग निम्म्यावर आणायला निष्कर्षाची जेवढी संहती (द्रावणातलं प्रमाण) लागते ती आयसी-५०. ती जितकी कमी, तितका निष्कर्ष प्रभावी. त्यामुळे 'आयसी-५० जास्त, म्हणून गुण जास्त' हे वाक्य उलटं आहे, आणि ते सर्रास छापून येतं. शिवाय हे सगळं काचेच्या नळीत घडतं. अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अशाच एका चाचणीच्या (ओरॅक) आकड्यांची यादी 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. त्या आकड्यांवरून माणसाच्या शरीरात काय होतं ते सांगता येत नाही, हेच कारण.

मृद्गंध: मग असं लिहिते: 'शेवग्याच्या पानांचा मिथेनॉलमधील निष्कर्ष शरीरातील मुक्त मूलकांचा नाश करतो.'

काचनळी: 'शरीरातील' काढा. 'नाश करतो' पण काढा. 'डीपीपीएच चाचणीत मुक्त मूलकांना उदासीन करतो' एवढंच लिहा, आणि पुढे तुलनेला घेतलेल्या एस्कॉर्बिक आम्लाचा (क जीवनसत्त्वाचा) आकडा द्या.