भाड्याचे हात?
सेशन वादक म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवर पैसे घेऊन वाजवणारे. ‘ते म्हणजे भाड्याचे हात, त्यांचा स्वतःचा सूर कुठला?’ असं कुणी म्हणालं की काही पटत नाही. गिटारवादक जेसी एड डेव्हिस ऐकलाय का? अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, कायोवा आणि कोमांची या तिथल्या मूळनिवासी जमातींच्या वंशाचा, जन्म १९४४चा. ताज महाल (आग्र्याचा नव्हे, ब्लूज गायक!) याच्या १९६८च्या पहिल्या अल्बमात ‘स्टेट्सबरो ब्लूज’वर डेव्हिसची स्लाइड गिटार (बोटात नळी घालून तारांवर घसरवत वाजवतात ती) आहे. ती ऐकून ऑलमन ब्रदर्स बँडचा गिटारवादक डुएन ऑलमन औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून स्लाइडच्या नादाला लागला. पुढे ऑलमन ब्रदर्सचं ‘स्टेट्सबरो ब्लूज’ जगभर गाजलं, मूळ गिटारवाला मात्र आतल्या पानावर बारीक अक्षरात राहिला.

गायक जॅक्सन ब्राउनचं ‘डॉक्टर माय आइज’ लावा. मधला डेव्हिसचा गिटार सोलो कुठेही घाई करत नाही, दोन सुरांमध्ये चक्क श्वास घेतो. इतकं कमी वाजवायला छाती लागते राव.

बीटल्समधले लेनन, हॅरिसन, गायक रॉड स्टुअर्ट, सगळ्यांकडे वाजवलंय पठ्ठ्याने. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत, जिची सुरुवात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी केली, त्यातही मागे गिटार घेऊन हा उभा होता. त्या मैफलीत वाजवणारा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, त्याची तब्येत बरी नव्हती, तो वेळेवर उभा राहील याची खात्री कुणालाच नव्हती, म्हणून याला बोलावलेलं. शेवटी दोघंही वाजले.

स्वतःच्या नावाचे अल्बम फारसे खपले नाहीत. व्यसनाने पोखरलं, आणि १९८८ला गेला. अवघा ४३ वर्षांचा.