मॅक ५ने, म्हणजे आवाजाच्या पाचपट वेगाने उडणारं प्रवासी विमान आपल्या हयातीत येणार नाही असं मला वाटतं. तुमचं मत?

वातकुक्कुट :

दर दोन-चार महिन्यांनी बातमी फिरते: आता न्यूयॉर्क ते लंडन दीड तासात! सोबत एक चकचकीत संगणकचित्र. १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अमेरिकी संसदेत भाषण करताना असंच सांगितलं होतं. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावरून निघून दोन तासांत टोकियो! एक्स-३० नावाचा तो प्रकल्प १९९३मध्ये एकही विमान न उडवता गुंडाळला गेला.

लोकांना वाटतं, अडचण इंजिनाची आहे. माझ्या मते खरी अडचण उष्णतेची. कॉन्कॉर्ड हे जुनं प्रवासी विमान मॅक २ने, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, तेव्हा त्याचं नाक १२७ अंशांपर्यंत तापायचं आणि अख्खं विमान १५ ते २५ सेंटिमीटर लांब व्हायचं. कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी तेवढ्या वेळापुरती फट पडायची. शेवटच्या काही फेऱ्यांत इंजिनिअरांनी त्या फटीत आपल्या टोप्या खोचल्या. विमान थंड झालं, फट मिटली आणि टोप्या आत अडकून राहिल्या.

हे मॅक २चं झालं. मॅक ५ला हवा जिथे थेट अडते तिथलं तापमान हजार अंशांच्या वर जातं. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. असं विमान एकदा उडवणं जमेल. पण तेच विमान रोज, वर्षानुवर्षं, आत माणसं बसवून उडवायचं आहे. ते मला येत्या ३०-४० वर्षांत दिसत नाही. तो पैसा आणि ती माणसं कमी आवाजाच्या, मॅक १.५च्या आसपासच्या विमानांवर लावावीत.

जर्सीकर :

वातकुक्कुट, तुमची टोप्यांची गोष्ट वाचली, पण निष्कर्ष पटला नाही. मी न्यू जर्सीत राहतो, घर सांगलीला. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मिळेल त्या विमानाने निघालो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. भावाने थांबायचं तरी किती? इथल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक तरी आठवण आहे. वेग ही श्रीमंतांची चैन आहे असं कुणी म्हणालं की मला राग येतो. पंधरा-सोळा तासांचे चार तास झाले तर आमच्यासाठी जग बदलेल.

आणि राइट बंधूंनंतर ६६ वर्षांत माणूस चंद्रावर उतरला. तेव्हा "हयातीत नाही" असं ठामपणे म्हणू नये.

धातुवेडी :

वातकुक्कुट यांच्याशी सहमत. उष्णता सहन करणाऱ्या मिश्रधातूंवरच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मॅक ५च्या वर, बाहेरची हवा घेऊन इंधन जाळणाऱ्या इंजिनांची कामगिरी बघा. २००४मध्ये नासाच्या एक्स-४३ए या यानाने मॅक ९.६ गाठला, इंजिन चाललं साधारण १० सेकंद. २०१३मध्ये एक्स-५१एने मॅक ५.१ गाठला, इंजिन साडेतीन मिनिटं चाललं. तेही कसं? बी-५२ या बॉम्बर विमानाने उंचावर नेलं, रॉकेटने ढकलून मॅक ४.८पर्यंत पोचवलं, मग स्क्रॅमजेट, म्हणजे आवाजाहून वेगाने आतून वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणारं इंजिन, पेटलं. शेवटी यान समुद्रात. परत आणून पुन्हा उडवणं हा बेतच नव्हता. आणि दोन्हींत माणूस नव्हता.

प्रश्न नुसत्या उष्णतेचा नाही. तापणं, निवणं, पुन्हा तापणं, हे चक्र त्याला मारतं. प्रवासी विमानाच्या सांगाड्याकडून अशी हजारो चक्रं अपेक्षित असतात. इतक्या तापमानात इतकी चक्रं सोसलेला एकही सांगाडा आज नाही.

शिवाय वळण. मॅक ५ म्हणजे सेकंदाला साधारण दीड किलोमीटर. ३० अंश कलून वळलं तरी वळणाची त्रिज्या ४०० किलोमीटरच्या घरात. काही बिघडलं आणि उलट फिरायचं ठरवलं, तर मुंबई-नागपूरच्या सरळ अंतराहून जास्त रुंदी लागेल. आधी वेग कमी करा म्हणाल, तर त्यातही शेकडो किलोमीटर जातात.

कोकणकडा :

धातुवेडी, तुम्ही स्क्रॅमजेटची बाजू मांडलीत, पण मॅक ५ला स्क्रॅमजेट लागतंच कुठे? तिथवर रॅमजेट पुरतं; त्यात आत शिरलेली हवा आवाजाहून कमी वेगावर आणून मग इंधन जाळतात. हर्मियस ही अमेरिकी कंपनी त्याच वाटेने चालली आहे: खाली साधं टर्बाइन, वर गेल्यावर तेच इंजिन रॅमजेट म्हणून चालवायचं. २०२२मध्ये त्यांनी हा बदल जमिनीवरच्या चाचणीत करून दाखवला. त्यांच्या कल्पनेतलं प्रवासी विमान जेमतेम २० जणांचं आहे, म्हणजे आवाक्यातलं.

स्क्रॅमजेटच हवं असेल तर आपल्याकडे बघा. २०२०च्या सप्टेंबरमध्ये डीआरडीओच्या यानाचं इंजिन २० सेकंदांहून थोडं जास्त चाललं होतं. २०२५च्या एप्रिलमध्ये हैदराबादला स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष जमिनीवर १००० सेकंदांहून जास्त चालवला. पाच वर्षांत पन्नासपट! याला तुम्ही प्रगती म्हणणार नाही का?

धातुवेडी :

प्रगती म्हणणारच, आणि अभिमानही आहे. पण तो ज्वलनकक्ष क्षेपणास्त्रासाठी आहे. क्षेपणास्त्राला परत यायचं नसतं.

रानजाई :

वरच्या हवेचा मुद्दा कुणीच काढला नाही. ही विमानं २५-३० किलोमीटर उंचीवर उडणार, म्हणजे थेट ओझोनच्या थरात. इतक्या तापलेल्या हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात आणि ती ओझोन खातात. रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड जॉन्स्टन यांनी १९७१मध्येच स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान विमानांबाबत हा धोका दाखवला होता. हायड्रोजन जाळला तर कार्बन सुटणार नाही हे खरं. पण पाण्याची वाफ सुटणार, आणि तिथे ती पावसाने धुऊन जात नाही. आज कुणाला चार तासांत पोचता यावं म्हणून पुढच्या पिढ्यांचं छत्र विरळ करायला माझा साफ विरोध आहे.

जर्सीकर, तुमचं दुःख समजते. माझी बहीण मेलबर्नला आहे.

वातकुक्कुट :

जर्सीकर, तुमच्या दुःखापुढे मी वाद घालणार नाही. अशा वेळी वेग म्हणजे चैन नव्हे, हे मान्य. पण हेही बघा: न्यूयॉर्क ते मुंबई अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. कॉन्कॉर्ड सात हजारांच्या आसपास दमायचं, अटलांटिक ओलांडला की संपलं. कोकणकडा म्हणतात त्या २० आसनी विमानाचा पल्लाही साधारण तेवढाच. म्हणजे वाटेत उतरायचं, तापलेलं विमान निववायचं, इंधन भरायचं. आणि २० जणांमध्ये तुम्हाला त्याच दिवशीचं तिकीट मिळायला हवं, तेही परवडेल अशा दरात. मुंबईहून सांगलीचा रस्ता आहे तेवढाच राहतो.

कोकणकडा, इंजिन जमेल हे मी नाकारतच नाही. ब्रिटनच्या रिॲक्शन इंजिन्सचं उदाहरण घ्या. २०१९मध्ये त्यांनी मॅक ५ला आत शिरेल तशी हजार अंशांची हवा सेकंदाच्या विसाव्या भागात थंड करून दाखवली. काय अफाट काम होतं ते! पण पैसा उभा राहिला नाही आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कंपनी बुडाली. तंत्र जमूनही गिऱ्हाईक नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

जर्सीकर :

मग पल्ला वाढवा म्हणा, नाद सोडा कशाला म्हणता? वाटेत एक थांबा घेऊन सात तास लागले तरी मी आनंदाने बसेन. पहिली जेट विमानंही सामान्य माणसाला कुठे परवडत होती?

कोकणकडा :

जर्सीकर यांना +१. आणि वातकुक्कुट, तुमच्या मॅक १.५च्या विमानांचं तरी काय? कॉन्कॉर्ड लंडन-सिंगापूर उडवायचं ठरलं तेव्हा भारतानेच आपल्यावरून आवाजापेक्षा वेगात जाऊ दिलं नाही. एअर इंडियाने दोन कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवलं होतं, तेही सोडून दिलं. आवाजाहून वेगात जाताना होणारा धमाका जमिनीवर ऐकू येणार असेल तर कमी वेगाचं विमानही समुद्रापुरतंच उरतं. मग थेट मोठी उडी का मारू नये?

वातकुक्कुट :

कारण त्या धमाक्यावर तोडगा दिसायला लागलाय. जानेवारी २०२५मध्ये बूम कंपनीचं एक्सबी-१ मोहावीच्या वाळवंटावर मॅक १.१२ने उडालं आणि धमाका जमिनीपर्यंत पोचलाच नाही. त्या वेगाला, त्या उंचीवर लाटा वरच्या वर वळून जातात. जूनमध्ये अमेरिकेने १९७३पासूनची जमिनीवरची बंदी उठवायचा आदेश काढला. ऑक्टोबरमध्ये नासाचं एक्स-५९ पहिल्यांदा उडालं, ते तर मॅक १.४ला नुसता धप्प आवाज यावा म्हणूनच बांधलंय. आत वैमानिक बसवून उडालेली विमानं आहेत ही, आणि दोन्ही धड उतरली.

धातुवेडी :

कोकणकडा, माझं मत बदलायला काय लागेल ते सांगून ठेवते. मॅक ५ने सलग एक तास उडालेलं यान धावपट्टीवर उतरवा, रात्री तपासा आणि तोच सांगाडा, तीच इंजिनं घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवा. माणूस नसला तरी चालेल. त्या दिवशी मी स्वतः इथे येऊन "येणार" असं लिहीन.

कोकणकडा :

मंजूर. माझा अंदाज २०४०च्या आत.