अनुभव धागा: तुमच्याकडची जुनी, तऱ्हेवाईक नाताळगाणी

अजनीचा_बंड्या
काल नागपुरात बर्डीला गेलो होतो. एका दुकानाबाहेर तो सेलवरचा सांता कंबर हलवत जिंगल बेल्स वाजवत होता. सेल उतरलेले, त्यामुळे आवाज पार रडका. तिथेच उभ्या उभ्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली शेजारची आंटी आठवली. तिच्याकडे एक रेकॉर्ड होती, त्यात अख्खं जिंगल बेल्स कुत्रे भुंकायचे. तेही सुरात! आम्ही पोरं खिडकीखाली उभं राहून "आंटी, कुत्रेवाली लावा ना" म्हणून तिला भंडावून सोडायचो. पुढे ते लोक ऑस्ट्रेलियाला गेले, जाताना अर्धं सामान भंगारात निघालं.

मोठेपणी ती रेकॉर्ड शोधता शोधता मला नादच लागला. कार्ल वाइसमन नावाचा डॅनिश माणूस पक्ष्यांचे आवाज टेप करायचा आणि मध्येच कुत्रे भुंकून सगळं नासवायचे. त्याने ते भुंकणं कापून बाजूला काढलं, तुकडे सुराप्रमाणे जोडले आणि १९५५ साली रेकॉर्ड आली. कॉम्प्युटर नाही, काही नाही. नुसती टेप कापायची आणि चिकटवायची.

आमच्या घरी गणपती बसतो, नाताळशी संबंध आंटीच्या केकपुरता. पण असली वाह्यात, लोकांनी टाकून दिलेली नाताळगाणी दिसली की मी सोडत नाही. तुमच्याकडे काय काय आहे? येऊ द्या.

सदरची_सून
पाणघोडा!!! "मला नाताळला पाणघोडाच पाहिजे" म्हणणारी ती पोरगी, गेयला पीव्ही, १९५३. तेव्हा दहा वर्षांची होती. सासऱ्यांकडे आहे ती. तिच्या गावच्या म्हणजे ओक्लाहोमा सिटीच्या लोकांनी वर्गणी काढली आणि प्राणिसंग्रहालयात खरंच पाणघोडी आणली, मटिल्डा नाव तिचं. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

तर्री_पोहे
महाराजबागेसाठी आपणही काढू ना वर्गणी. पण आपल्याकडे वर्गणी निघाली की डीजे येते बाप्पा, पाणघोडा नाही येत 😂

गोंदियाचा_भाचा
ज्यांच्याकडे ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डी आहेत त्यांनी जरा ऐका. त्या प्लॅस्टिकच्या नसतात, लाखेच्या असतात. लाख म्हणजे आमच्या गोंदियाकडची तीच, पळसा-कुसुमावरच्या किड्यांची. स्पिरिटने पुसली की लाख विरघळते आणि खाचा गेल्याच म्हणून समजा. आमच्या मामांनी एकदा अशी चकचकीत करून ठेवली, आता तिच्यातून फोडणी तडतडल्यासारखा आवाज येतो, गाणं कुठेतरी खाली. साधं पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ फडकं. मधलं कागदी लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. लगेच टिपून सावलीत उभी करायची.

आणि एलपीची, म्हणजे नंतरच्या हळू फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डीची सुई ७८ला लावू नका हो! ७८ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी नुसती लोळते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. एलपीचं दुखणं वेगळं, तिला आपला मे महिना मारतो. कपाटावर एकावर एक आडव्या रचल्या की जूनपर्यंत पापड. उभ्या ठेवा, खालच्या खणात.

अजनीचा_बंड्या
काऊन घाबरवून राहिले भाऊ? माझ्या सगळ्या कपाटावरच आहेत. जातो, खाली घेतो.

मोहननगरवाली
गायक जिम रीव्ह्जचं नाव कोणीच नाही काढलं? १९६३ची ती बारा गाण्यांची एलपी?

तर्री_पोहे
ताई, ते तऱ्हेवाईक कुठे? ते तर तुमच्या मोहननगरात पाण्याच्या टाकीतूनही ऐकू येते.

मोहननगरवाली
बरं, मग तऱ्हेवाईक ऐका. बाबांची कॅरोल पार्टी नाताळगाणी गात रात्रभर घरोघर फिरायची. एका वर्षी बाबांनी टू-इन-वन खांद्याला लटकवून सगळं टेप केलं. 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतपुस्तकातली मराठी गाणी, ढोलकी, मध्ये रेल्वेची शिट्टी, आणि कोणीतरी स्पष्ट म्हणतंय, "या घरी चहा नाही, पुढे चला." पुसली जाऊ नये म्हणून बाबांनी कॅसेटच्या कडेची खिटी तोडून ठेवली होती. दादाने त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि वर रेडिओची कॉमेंट्री भरली. त्यामुळे आता प्रभू जन्मतो आणि लगेच पंच बोट वर करतात 🤦 आई दर नाताळला तेवढ्यासाठी दादाला बोलणी ऐकवते. दादा आता आजोबा झालाय, तरी सूट नाही.

शांत_वाचक
ताई, ही कॅसेट सोन्याची आहे, आधी डिजिटल करून घ्या. कुत्रे-पाणघोडे नेटवर सापडतील, हे नाही सापडणार. बाय द वे, ख्रिस्ती पदं लिहिणारे कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्याच्या आधी ते आपल्या नागपुरातच बुटी नावाच्या श्रीमंतांकडे होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. त्यांची पदं असतील त्या कॅसेटवर?

मोहननगरवाली
असणारच, बाबांना सगळी पाठ होती. आईला विचारून सांगते, आत्ता झोपलीय.

धरमपेठी
आम्ही चिपमंक घरीच बनवायचो. १९५८चं ते खारींचं गाणं आहे ना, बागदासारियनने टेप हळू चालवून स्वतःचा आवाज भरला आणि मग दुप्पट वेगाने वाजवला. पहिल्यावहिल्या ग्रॅमीत त्या गाण्याला तीन बक्षिसं! हे कळल्यावर मी आणि भावाने बाबांची अभंगांची एलपी ७८वर फिरवली. बुवा असे काही चिवचिवले म्हणता! ग्रॅमी नाही मिळालं, पाठीत धपाटा मिळाला.

गोंदियाचा_भाचा
सुई कोणती होती?

धरमपेठी
भाऊ, धपाट्याच्या वेळी सुई कोण बघते 😂

सदरची_सून
आले परत. सासरे म्हणतात पाणघोडा द्यायचा नाही, ऐकायचा असेल तर घरी या. रविवारी संध्याकाळी चालेल का? आणि कोणाकडे रोझ कुकीजचा साचा आहे का? माझा चिकटतोय, अर्ध्या कढईत फुटल्या.

मोहननगरवाली
साचा आधी तेलात चांगला तापू द्या आणि पिठात पाऊणच बुडवा. वरच्या कडेवर पीठ चढलं की सुटतच नाही. नाहीच जमलं तर माझा पितळी घेऊन येते, कॅसेटही आणते.

तर्री_पोहे
मी येतो. पोहे आणतो, पण तर्री वेगळ्या डब्यात आणि रेकॉर्डपासून दुसऱ्या खोलीत. भाचेसाहेब, एवढं चालेल ना?

गोंदियाचा_भाचा
हात साबणाने धुवून.