मदत हवी आहे: भावाची रेल्वेची सायको टेस्ट आणि ए-१ मेडिकल

सांजवात

नमस्कार मंडळी. धागा भावासाठी काढते आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही, म्हणून काही तपशील मुद्दाम मोघम ठेवले आहेत.

भाऊ आयटीआय इलेक्ट्रिशियन. असिस्टंट लोको पायलटच्या (रेल्वे इंजिनाचा सहायक चालक) दोन्ही सीबीटी, म्हणजे संगणकावरच्या परीक्षा, निघाल्या. आता सीबीएटी, म्हणजे संगणकावरची क्षमता चाचणी, सगळे जिला सायको टेस्ट म्हणतात ती. त्यातून सुटला तर कागदपत्रं आणि मेडिकल. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) कॉन्स्टेबलचाही फॉर्म भरलाय, पण जीव इंजिनात अडकलाय.

पहिली अडचण डोळ्यांची. आयटीआयला असताना चष्म्याचा नंबर निघाला होता, उणे अर्ध्याच्या आसपास. चष्मा फारसा लावलाच नाही. आता बाबांच्या एका मित्राने डोक्यात भरवलंय की लेसर करून टाका, आठवड्यात डोळे कोरे करकरीत. बाबा पैशांची जुळवाजुळव करायला लागलेत आणि भाऊही तयार आहे.

दुसरी अडचण जास्त नाजूक. मध्यंतरी त्याची झोप उडाली होती, छातीत धडधड, बसमध्ये चढायचीही भीती. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, काही महिन्यांनी त्यांनीच हळूहळू बंद केल्या. त्यानंतर अगदी व्यवस्थित आहे. घरात सक्त ताकीद आहे की याबद्दल कुठेही अवाक्षर काढायचं नाही. सायको टेस्टमध्ये हे पकडलं जातं का? आणि मेडिकलला विचारलं तर काय सांगायचं?

शिवाय एक क्लासवाले 'हमखास सायको'चा वेगळा कोर्स विकतायत, फी अवाच्या सवा. गरज आहे का?

ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा, प्लीज. 'सगळं छान होईल' हे प्रेमाने आलं तरी सध्या उपयोगाचं नाही.

आगगाडी

ताई, बाकी सगळं नंतर. लेसर थांबवा. आजच.

मी रनिंगमधून (गाडीवरच्या स्टाफमधून) निवृत्त झालो. रेल्वेच्या जाहिरातीत स्वच्छ छापलेलं असतं की लॅसिक (हेच ते लेसर) किंवा नंबर घालवण्याची कुठलीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार ए-१, ए-२, ए-३ या तिन्ही मेडिकल दर्जांना अपात्र. म्हणजे नंबर राहिला तर कदाचित एकच दार बंद होईल, लेसर केलंत तर तीन बंद होतील, आणि तेही पैसे मोजून. बाबांच्या मित्राला ती जाहिरात वाचायला द्या.

भावाच्या पदाला लागतो तो ए-१ म्हणजे लांबचं ६/६, ६/६ (दोन्ही डोळ्यांना पूर्ण नजर), चष्म्याशिवाय. जवळचंही चष्म्याशिवाय. वर रंग ओळखणं, दोन्ही डोळ्यांची एकत्र नजर, बाजूचं दिसणं, रात्रीचं दिसणं आणि संधिप्रकाशातलं दिसणं. पहाटे धुक्यात सिग्नल लाल की पिवळा हे ज्याला सांगायचंय त्याची ही परीक्षा आहे, त्यात 'जवळपास दिसतं' चालत नाही.

निळी_शाई

वरच्या प्रतिसादाला +१. मी नेत्रतज्ज्ञ आहे, थोडी भर घालते.

लेसर केलेलं कळत नाही असा एक गोड गैरसमज आहे. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायचं सूक्ष्मदर्शक) फ्लॅपची, म्हणजे लेसरसाठी उचललेल्या पापुद्र्याची, कड बऱ्याचदा दिसते. नाही दिसली तरी कॉर्नियाची (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) जाडी आणि नकाशा काढला की सपाट केलेला मधला भाग उघडा पडतो. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स वापरून तात्पुरती नजर सुधारण्याचे सल्लेही मुलं एकमेकांना देतात. त्या बंद केल्या की कॉर्निया पूर्ववत होतो आणि नंबर परत येतो, त्यामुळे तो मार्गही विसरा.

आता तुमच्या भावाचं. तो 'उणे अर्धा' किती खरा आहे हे आधी बघा. तरुण मुलांत, विशेषतः तासन्‌तास मोबाइल आणि पुस्तक डोळ्यांजवळ धरणाऱ्यांत, आतला फोकस करणारा स्नायू आखडून बसतो आणि नसलेला किंवा फुगवलेला उणे नंबर दाखवतो. थेंब घालून स्नायू सैल करून तपासणी करायला सांगा. दुकानातल्या मशीनवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. दुसरं, नंबर किती यापेक्षा बिनचष्म्याने तक्त्यावर कुठली ओळ वाचतो हे महत्त्वाचं. पाव-अर्धा नंबर असूनही ६/६ वाचणारे असतात आणि ६/९ वर थांबणारेही असतात.

फॉगिंग टेस्टबद्दल मुलं उगाच घाबरतात. अधिक (प्लस) नंबरवाला तरुण डोळा ताण देऊन ६/६ वाचून दाखवतो, पण चाळिशीकडे झुकताना तो ताण झेपत नाही. म्हणून डोळ्यासमोर +२ ची काच धरतात. निकोप नजरेला त्यातून धूसर दिसायला हवं. त्या काचेतूनही कोणी शेवटची ओळ खडखडीत वाचली तर तो नापास. उणेवाल्याला ही काच आणखी धूसर दाखवते, त्यामुळे भावाला इथे धोका नाही, त्याचा धोका साध्या तक्त्यावरच आहे.

आणि रंगांची तपासणी आत्ताच करून घ्या. ईशिहाराचे ठिपक्यांचे तक्ते बहुतेक नेत्रतज्ज्ञांकडे असतात. लाल-हिरव्याचा जन्मजात गोंधळ असलेल्या कित्येक मुलांना तो गोंधळ आहे हे मेडिकलच्या टेबलावरच पहिल्यांदा कळतं. त्यावर उपचार नाही. तक्त्यातले आकडे पाठ करून येणारे असतात, म्हणून रेल्वेत लँटर्नही (रंगीत दिव्यांचा कंदील) दाखवतात.

खडीफोड

ताई मी सीबीएटी दिलेली आहे, निघालीसुद्धा. त्या टेस्टमध्ये मनातलं काही विचारत नाहीत. झोप लागते का, रडू येतं का असला एकही प्रश्न नसतो. पाच टेस्ट असतात: स्मरणशक्ती, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि नजरेचा वेग. विटांच्या ढिगाचं चित्र देतात, अमुक विटेला किती विटा टेकल्यात ते सांगायचं. आकडे-अक्षरांच्या जोड्या झपाझप जुळवायच्या. प्रत्येक टेस्टला वेगळी वेळ, आणि ती इतकी कमी की डोकं तापतं. पण निगेटिव्ह मार्किंग नाही.

खरी गोम टी-स्कोअरची. पाचही टेस्टमध्ये प्रत्येकी किमान ४२ लागतो. चार टेस्टमध्ये तुफान आणि एकीत ४१ म्हणजे घरी. कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही. एवढं झाल्यावर मेरिट लावताना दुसऱ्या सीबीटीच्या पार्ट ए ला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन.

क्लासबद्दल: नमुना प्रश्न लखनौच्या आरडीएसओच्या (रेल्वेची संशोधन संस्था) वेबसाइटवर फुकट आहेत. सायको-टेक्निकल डायरेक्टोरेटच्या पानावर उमेदवारांसाठी वेगळा कोपरा आहे. घड्याळ लावून रोज करा. आणि ही टेस्ट फक्त हिंदी-इंग्रजीत असते, मराठीत नाही. सूचनांच्या टेस्टमध्ये एक शब्द अडला की गाडी अडते, म्हणून त्या भाषेतल्या सूचना आधीच पाठ झाल्यासारख्या वाचून ठेवायच्या.

सांजवात

खूप आभार सगळ्यांचे. खडीफोड, टी-स्कोअर म्हणजे शंभरपैकी मार्क का? ४२ ऐकून सोपं वाटलं.

अर्धविराम

मार्क नाहीत ते. टी-स्कोअरमध्ये सगळ्या उमेदवारांची सरासरी ५० धरतात आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १०. म्हणजे ४२ हा सरासरीपेक्षा थोडा खाली. गुण साधारण घंटेच्या आकाराच्या वक्रात पसरले असतील तर दर पाचातला एक जण एका टेस्टमध्ये याच्या खाली राहतो. टेस्ट पाच आहेत, हे लक्षात घेतलं की सोपं का नाही ते कळेल. आणि भावाबरोबर बसणारे सगळे दोन सीबीटी पार करून आलेले असतात, तेव्हा सरासरीही तगडी.

गुगळी

मुख्य मुद्द्यावर कोणी बोलेना म्हणून बोलतो. गोळ्यांचं गप्प बसा. रेल्वेचा डॉक्टर तुमच्या कपाटातली फाईल शोधायला येणार नाही. बरा झालाय ना? मग विषय संपला. खरेपणाची हौस नोकरी लागल्यावर भागवा.

अर्धविराम

गुगळी, असहमत. मी मानसशास्त्राच्या क्षेत्रात आहे, म्हणून सविस्तर.

ताई, सायको टेस्ट लक्ष आणि वेग मोजते, आजार शोधत नाही, हे वर आलंच आहे. प्रश्न मेडिकलच्या वेळच्या निवेदनाचा आहे. तिथे आधीच्या आजारांबद्दल विचारतात आणि खाली सही असते. माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते, हे त्या सहीत आलं. माझा नियम असा: जे विचारलंय त्याचं खरं आणि नेमकं उत्तर द्यायचं. जे विचारलेलंच नाही त्याची आत्मकथा स्वतःहून ऐकवायची नाही. या दोन्हींत फरक आहे आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच घसरतो, एक तर सगळं दडवतो नाहीतर सगळं ओततो.

ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून आत्ताच पत्र घ्या. निदान काय होतं, गोळ्या कधी सुरू झाल्या, कधी आणि कोणी बंद केल्या, आज लक्षणं आहेत का. 'अँक्झायटी होती' हे उमेदवाराच्या तोंडून घाबरत येणं आणि तेच डॉक्टरांच्या चार ओळींत येणं, यात समोरच्यावर पडणारा प्रभाव अगदी वेगळा असतो.

कायदाही थोडा तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ३ सांगतं की पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरूनच आज त्या माणसाला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. याचा अर्थ रेल्वेच्या डॉक्टरने फिट म्हणायलाच हवं असा मात्र नाही. इंजिनाच्या कामाला कोण योग्य हे तो आजच्या तब्येतीवरून ठरवणार, आणि त्यात त्याला बराच वाव असतो. खोटी आशा देत नाही.

गुगळी, दडवादडवीचं टोकाचं उदाहरण म्हणजे मार्च २०१५ चं जर्मनविंग्जचं विमान. सहवैमानिकाने आजारपण कंपनीपासून लपवलं होतं, आल्प्समध्ये १५० माणसं गेली. ताईंच्या भावाची त्याच्याशी तुलना मुळीच नाही, हे ठळक अक्षरात समजा. त्यानंतर विमानक्षेत्रात चर्चा झाली ती याचीच, की बोललं तर पोट जाईल अशी भीती असली की माणसं आधी उपचार टाळतात आणि मग लपवतात. तुमचा सल्ला त्याच वाटेवर नेतो.

गुगळी

पत्राचा मुद्दा मान्य. बाकी व्यवस्था इतकी समजूतदार आहे यावर माझा विश्वास नाही, तो तुमच्याकडेच ठेवा.

आगगाडी

व्यवस्थेचं सोडा, कामाचं बघा. मेडिकल एकदाच होत नाही. 'ए' गटात ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, मग ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. जे लपवलं ते इतकी वर्षं सांभाळत बसायचं. त्यापेक्षा एक गोष्ट भावाला प्रामाणिकपणे विचारा: रात्रपाळ्या, अवेळी कॉल, रनिंग रूममधली (गाडीवरच्या स्टाफची विश्रांतीची जागा) अर्धवट झोप हे त्याला झेपेल का? त्याची झोपच उडाली होती म्हणता, म्हणून विचारतो. नाही झेपलं तर त्यात कमीपणा नाही. पण हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांना विचारायचा, बाबांच्या मित्राला नाही.

वर्दीवाला

आरपीएफचं थोडक्यात, कारण ताईंनी उल्लेख केलाय. तिथे सीबीएटीसारखी सायको टेस्ट नसते. सीबीटी, मग धावणं आणि उड्या (कॉन्स्टेबल पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटं ४५ सेकंदांत), मोजमाप, मेडिकल. सर्वसाधारण गटाला उंची १६५ सेंमी, छाती ८० आणि फुगवून ८५. मेडिकल दर्जा बी-१ (ए-१ पेक्षा सैल) असला तरी जाहिरातीत चष्मेवाले, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणारे, तिरळेपणा, रंगांधळेपणा हे सगळे अपात्र म्हणून दिलेत. भावाला ओल्या पायाने फरशीवर उभं करा, पूर्ण पाऊल उमटलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

सांजवात

अपडेट देते. भावाला धागा दाखवला. आधी चिडला, मग रात्री जागून सगळे प्रतिसाद वाचले (झोपेचं तुम्हीच विचारलं होतं म्हणून सांगते, आगगाडीकाका, जागरण रागाचं होतं).

लेसर रद्द. बाबा दोन दिवस बोलत नव्हते, जाहिरातीचं ते पान वाचल्यावर गप्प झाले. थेंब घालून तपासणी झाली. उजव्या डोळ्याला नंबर नाहीच. डाव्याला पाव आहे, ६/६ ची ओळ वाचतो पण एक अक्षर चुकतो. रंग व्यवस्थित. मानसोपचारतज्ज्ञ पत्र द्यायला तयार आहेत, रात्रपाळीबद्दल त्या त्याच्याशी वेगळं बोलणार आहेत.

दोन प्रश्न उरले. डाव्या डोळ्यावरून अनफिट केलं तर पुढे काही करता येतं का? आणि सीबीएटीला डोळ्यांचं सर्टिफिकेट न्यायचं असतं म्हणे, ते साध्या लेटरहेडवर चालेल का?

निळी_शाई

एक अक्षर म्हणजे काठावर. मेडिकलच्या आधीचे काही दिवस जवळचं काम कमी करू द्या, आदल्या दिवशी मोबाइल बाजूला. हा उपचार नाही, फक्त आखडलेला स्नायू मोकळा राहतो.

आगगाडी

अनफिट आलं तर एक महिन्याच्या आत अपील. त्यासोबत बाहेरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यात 'या उमेदवाराला रेल्वेने अनफिट ठरवलं आहे हे मला माहीत असून मी हे देत आहे' अशा अर्थाची नोंद हवीच. ती नसेल तर सर्टिफिकेट विचारात घेत नाहीत. पोरं इथेच महिना वाया घालवतात. दरम्यान टेक्निशियनची जाहिरात आली तर भरून ठेवा. प्रत्येक पदासमोर मेडिकल दर्जा छापलेला असतो, तो बघून पसंतीक्रम लावा. बी-१ ला चष्मा चालतो.

खडीफोड

लेटरहेड अजिबात नको. जाहिरातीच्या शेवटी जोडपत्रांत व्हिजन सर्टिफिकेटचा नमुना असतो, तोच छापून न्यायचा. नेत्रतज्ज्ञांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का, आणि मूळ प्रत. झेरॉक्स घेऊन आलेल्याला आत बसू देत नाहीत. भावाला म्हणावं विटा मोज, काही अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.