शब्दचर्चा : फिक्सपॉइंटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): डिप्लोमाच्या मुलांसाठी कंपायलरच्या (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) नोट्स मराठीत लिहितेय. फिक्सपॉइंटला ‘निश्चित बिंदू’ घ्यावा की ‘स्थिरबिंदू’? मुळात बिंदू तरी कशाला? इथे तर चलांचे संच असतात.

उत्तर (मिरज): ताई, बिंदूचं सोडा, उत्कलनबिंदू तरी कागदावर कुठे काढतो आपण! ‘निश्चित’ मात्र नको. कुणीतरी आधीच ठरवून दिलंय असं वाटतं. इथे तर फेऱ्या मारत, पुन्हा पुन्हा फलन लावून शोधावं लागतं. फ(क्ष) = क्ष, म्हणजे फलन लावूनही किंमत हलत नाही. म्हणून ‘अचलबिंदू’. ‘स्थिर’ही चाललं असतं, पण पुढच्याच धड्यात स्थिरांक येतात.

प्रश्नकर्ती: अचल आहे तर फेऱ्या कशाला, असं पोरं विचारणार. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यासारखं सांगू का? बोली चढत जाते, कुणी वाढवेना की थांबते.

उत्तर (मिरज): चढत जाणं बरोबर, पण सौद्यात आधी कोण बोललं यावर भाव फिरू शकतो. इथे तसं नाही. हे बघा:

1. बेरीज = 0
2. जोवर न > 0
3. बेरीज = बेरीज + न
4. न = न − 1 (परत 2 वर)
5. बेरीज छापा

पुढे कुठल्या चलाची किंमत लागणार आहे, ते प्रत्येक ओळीच्या तोंडाशी लिहायचं. सगळे संच रिकामे घेऊन खालून वर या. पहिल्या फेरीत 4 समोर नुसता न येतो, कारण 2 चा संच अजून रिकामाच आहे. दुसऱ्या फेरीत तिथे बेरीजही येते. तिसरीत काहीच बदलत नाही, थांबा. एक फेरी म्हणजे फलन, न हललेले हे संच म्हणजे अचलबिंदू. वरून सुरू केलंत तरी शेवटचे संच हेच.

उत्तर (कराड): ‘अचलबिंदू’ला माझंही मत. फक्त नोट्समध्ये ‘लघुतम अचलबिंदू’ लिहा, कारण अचलबिंदू एकच असतो असं नाही. वरच्या प्रोग्रॅममध्ये कुठेच न वापरलेला ‘क’ 1 ते 4 च्या संचांत घुसवून बघा. एका ओळीचा संच पुढच्या ओळीच्या संचावरून काढायची समीकरणं बिनतक्रार जुळतात! 2 म्हणतो 3 ला लागतो, 3 म्हणतो 4 ला, 4 म्हणतो 2 ला. कंपायलर मात्र त्या ‘क’साठी उगाच प्रोसेसरमधलं एक रजिस्टर (किंमत ठेवायची जागा) अडवून बसेल. रिकाम्यापासून चढलात तर ‘क’ येतच नाही. असा लघुतम असतोच, ही गणितज्ञ टार्स्कीच्या 1955 च्या प्रमेयाची हमी. अट एवढीच की फलन एकदिशीय हवं, आत मोठा संच गेला तर बाहेर लहान येता कामा नये. फेऱ्या संपतात त्या चल मोजकेच असल्यामुळे.

प्रश्नकर्ती: ‘लघुतम अचलबिंदू’ घेते. वर्गात पोरं ‘फिक्सपॉइंट आला का?’ असंच विचारणार, ते विचारू देत.